थेंब न सांडता रिकामा होणारा रेडिएटर

जुनी गाडी बाळगणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. "गाडीखाली एक थेंब दिसत नाही, फरशी कोरडी ठणठणीत. तरी दर पंधरा दिवसांनी कूलंट टाकावं लागतं. मग ते जातं कुठे?" गॅरेजमध्ये विचारलं तर एक जण वॉटर बॉडी बदला म्हणतो, दुसरा रेडिएटरकडे बोट दाखवतो, तिसरा थेट हेड खोलायची भाषा करतो. तिघांपैकी कोणाचंही बरोबर असू शकतं. पण तिघांच्याही सांगण्यावरून अंदाजाने पार्ट बदलत गेलात तर खिसा रिकामा होईल आणि कूलंटची बाटलीही.

जुनी गाडी म्हणजे किती जुनी? मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात तरुण ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. रबर, प्लास्टिक आणि रेडिएटरचं झाकण यांच्या दृष्टीने हे वय म्हातारपणाचंच. अशा गाडीत गळती शोधताना बहुतेक जण टॉर्च घेऊन 'कुठे, कुठे' करत बॉनेटखाली वाकतात. आधी विचारायला हवं ते 'कधी'. गाडी थंड असताना, चालताना, बंद केल्यावर, की फक्त घाटात? याचं उत्तर मिळालं की शोधायच्या जागा निम्म्याहून कमी होतात. ते का, हे कळायला आधी थोडं मागे जाऊ.

१. पाणी कशाला आणि दाब कशाला

पेट्रोल पेटतं त्या क्षणी सिलिंडरच्या आतल्या वायूचं तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. बऱ्याच गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी हेड शाबूत राहतं, कारण त्याच्या पोटातल्या नळ्यांमधून पाणी सतत फिरत असतं. इंधनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश हे पाणी उचलतं आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडतं.

नुसतं पाणी १०० अंशांना उकळतं आणि इंजिन तर ९० अंशांच्या आसपास चालतं. घाटात चढताना हेडच्या आत काही ठिकाणी याहून बरंच जास्त तापमान होतं. पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे धातूला चिकटतात आणि तेवढी जागा तापत राहते. म्हणून दोन उपाय केलेले असतात. एक, पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळतात. निम्मं निम्मं मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळतं, शिवाय त्यातली रसायनं गंज रोखतात. दोन, सगळी व्यवस्था बंदिस्त ठेवून तिच्यावर दाब धरतात. स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर अगदी हेच करतो. रेडिएटरच्या झाकणात शिट्टीच्या वजनाऐवजी स्प्रिंग असते, एवढाच फरक. अनेक छोट्या गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला दिसेल. तो त्या स्प्रिंगने धरून ठेवायचा दाब, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही.

आता गळतीकडे या. गाडी थंड असताना या नळ्यांमध्ये दाब जवळपास शून्य असतो आणि तापल्यावर तो गाडीच्या टायरमधल्या हवेच्या निम्म्याच्या आसपास जातो. केसाएवढी चीर थंडपणी गप्प बसेल आणि दाबाखाली तोंड उघडेल. उलट एखादी फट थंडीत आकसल्यामुळे उघडते आणि तापल्यावर मिटते. 'कधी' या प्रश्नाचं मोल इथे आहे.

याच दाबामुळे तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नसतं. हिशोब करून पाहा. चार लिटर साधं पाणी ११० अंशांवर दाबाखाली आहे. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि ते १०० अंशांवर यायला धडपडतं. त्या दहा अंशांच्या उष्णतेने साधारण ७० ते ७५ ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होते. ऐकायला फार वाटत नाही, पण त्या वाफेचं आकारमान सव्वाशे लिटरच्या घरात जातं आणि ती उरलेलं उकळतं पाणी घेऊन तोंडावर येते. इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होजपाइप दाबून बघा. तो मऊ आणि कोमट लागला, तरच झाकणाला हात लावा.

२. थेंब दिसत का नाही

महिन्याला एक लिटर कूलंट कमी होतंय असं धरू. रोजचं झालं सुमारे ३३ मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच टेबलचमचे. एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब बसतात, तेव्हा रोजचे ६६० थेंब. गाडी रोज तासभर चालत असेल आणि गळती फक्त तेवढ्याच वेळात होत असेल, तर मिनिटाला अकरा थेंब. नव्वद अंशांच्या लोखंडावर मिनिटाला अकरा थेंब पडले तर ते जमिनीपर्यंत पोचणार कसे? वाटेतच वाळतात. वर पंखा आणि समोरचा वारा उरलेली ओल मागे उडवून देतात. पार्किंगची फरशी कोरडी राहते ती यामुळे.

पाणी उडून जातं, पण त्यातली रसायनं मागे राहतात. गळतीच्या जागी हिरवट, गुलाबी किंवा पांढुरका थर साचतो, समुद्रकाठच्या भिंतीला फुटतो तसा खरखरीत. थेंबापेक्षा हा थर शोधा. त्याच्या रंगावरून मात्र काही निष्कर्ष काढू नका. कूलंटला हिरवा, लाल, निळा रंग कंपन्या आपापल्या मर्जीने घालतात आणि त्यावरून आतलं रसायन ओळखता येत नाही.

३. आधी खात्री करा

गाडीखाली पाणी दिसलं म्हणजे गळतीच, असंही नाही. एसी चालू असताना हवेतली वाफ थंड कॉइलवर जमते आणि नळीतून खाली टपकते. ते पाणी बिनवासाचं, बिनरंगाचं असतं आणि दोन बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागत नाही. कूलंट किंचित बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास असतो. चव मात्र चुकूनही घेऊ नका, ते विषारी आहे.

पातळी नेहमी सकाळी, गाडी थंड असताना आणि सपाट जागेवर बघा. वीस अंशांवरून शंभरावर जाताना पाणी सुमारे चार टक्के फुगतं. चार लिटरमागे ते दीडशे मिलिलिटरच्या वर भरतं. संध्याकाळी गरम गाडीत पाहिलेली पातळी आणि सकाळी थंड गाडीत पाहिलेली पातळी यांची तुलना करून घाबरणारे पुष्कळ असतात. नुकतंच कूलंट बदललं असेल तर आत अडकलेली हवा पहिल्या काही दिवसांत बाहेर पडते आणि पातळी खाली येते. एकदा भरल्यावर ती स्थिर राहिली तर ती गळती नव्हे.

बाटलीवर मार्करने रेघ मारा, तारीख आणि किलोमीटर लिहा. अंदाजापेक्षा ही रेघ जास्त खरं बोलते.

४. कधी?

समजा, सकाळी गाडीखाली हाताच्या पंजाएवढा डाग दिसतो आणि दिवसभर काही नाही. हिवाळ्यात हे वाढतं. संशय होजपाइप आणि त्याच्या क्लिपांवर घ्या. रबर म्हातारं झालं की कडक होतं. रात्री आतली ॲल्युमिनियमची नळी आकसते, कडक रबर तिच्यामागे जात नाही, मध्ये फट पडते. इंजिन तापलं की नळी फुगून फट बुजवते. स्क्रूने आवळायच्या क्लिपा अशा वेळी सैल पडतात. स्प्रिंगच्या क्लिपा आपोआप आवळत राहतात, म्हणून त्या काढून स्क्रूच्या बसवणं ही सुधारणा नव्हे. आणि क्लिप आवळताना जोर लावाल तर कडक रबर तिथेच चिरतं. अशा पाइपची शेवटची दोन इंचं दाबून पाहा. कुरकुर आवाज आला किंवा भेगा दिसल्या तर पाइप बदला. तो स्वस्तातला पार्ट आहे.

दुसरा प्रकार चालताना गळण्याचा. यात वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, पहिला संशयित. पंपाचा दांडा जिथून आत जातो तिथे एक सील असतं. सील झिजलं तर पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून पंपाच्या पोटाखाली मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सीलमधून सुटलेलं पाणी त्यातून बाहेर येतं. छोटा आरसा काडीला बांधून खालून धरा. भोकाच्या कडेला पातळ कोरडा डाग असेल तर काळजीचं कारण नाही. पण भोकापासून खाली ओघळाची रेघ गेली असेल, तिच्यावर पांढरी-हिरवी पापडी चढली असेल आणि पुली हाताने हलवल्यावर खुडखुडत असेल, तर पंपाचे दिवस भरले. काही मिस्त्री ते भोक एम-सीलने बुजवतात. गळती थांबते खरी, पण पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि एक दिवस पंप जाम होतो. ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरतो तिथे त्याच्याबरोबर बेल्टही जातो आणि पुढे व्हॉल्व्हचं काम निघतं.

तिसरी वेळ फारशी कोणी पाहत नाही आणि मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. गाडी बंद केल्यानंतरची पाच-दहा मिनिटं. इंजिन थांबलं की पंप थांबतो, पण तापलेल्या हेडची उष्णता थबकलेल्या पाण्यात उतरत राहते. त्यामुळे बंद केल्यावर थोडा वेळ तापमान आणि दाब वाढतो. शिवाय वारा नसतो, पंखाही थांबलेला असतो, त्यामुळे थेंब उडून जात नाही. लांबचा प्रवास करून घरी आलात की लगेच जिना चढू नका. बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन बघत उभे राहा. पंखा विजेवरचा असेल तर इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो, हात लांब ठेवा. रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी जिथे दुमडून बसवलेली असते, त्या सांध्यातून बारीक वाफ निघताना याच वेळी पकडता येते.

ओल सापडली की तिथेच गळती आहे असं मानू नका. पाणी उतारावरून खाली येतं आणि वाऱ्याने मागे जातं. ओल दिसेल तिथून वर आणि पुढे शोधत जा. सगळ्यात उंचावरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा ही खरी.

५. झाकण

सगळं कोरडं आहे, थरही नाही, तरी घाटात कूलंट जातं. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी, पुढे महाबळेश्वर, असा रस्ता घ्या. महाबळेश्वरची उंची १,३०० मीटरच्या वर आहे आणि तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली असेल तर दाब धरला जात नाही, कूलंट लवकर उकळतं, वाफेसकट बाटलीत जातं आणि बाटलीच्या वरच्या नळीतून रस्त्यावर. सपाटीवर परत आलात की गाडी पुन्हा शहाण्यासारखी वागते.

झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा दाब वाढल्यावर पाणी बाटलीत सोडतो. मधला छोटा, गाडी थंड होताना तेच पाणी बाटलीतून परत आत घेतो. छोटा चिकटला की पाणी जातं, पण परत येत नाही. मग बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं विचित्र चित्र दिसतं. थंड झाल्यावर वरचा होजपाइप चेपलेला दिसला तर हीच खूण. नुसती बाटली बघणाऱ्याला हा दोष कळतच नाही, म्हणून थंड असताना अधूनमधून रेडिएटरचं झाकणही उघडून पाहावं. ही सोय असलेल्या गाड्यांबद्दलच हे बोलतो आहे. काही गाड्यांत दाबाचं झाकण बाटलीवरच असतं.

झाकण बदलताना त्याच आकड्याचं घ्या. 'जास्त दाबाचं म्हणजे जास्त चांगलं' म्हणून ०.९ च्या जागी १.१ बसवलं तर जुने पाइप आणि रेडिएटरचे सांधे ती शिक्षा भोगतात. एवढा स्वस्त पार्ट सगळ्यात शेवटी तपासला जातो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

६. थंड गाडीला दाब द्या

इतकं करूनही चोर सापडला नाही तर चांगल्या गॅरेजमध्ये असतो तो हातपंप मागा. सायकलच्या पंपासारखा, त्यावर दाब दाखवणारा काटा. गाडी पूर्ण थंड असताना तो झाकणाच्या जागी बसवायचा आणि झाकणावरच्या आकड्याएवढाच दाब भरायचा. आता इंजिन थंड आहे, थेंब वाळत नाही, वारा नाही, आणि दाब मात्र घाटातला. पंधरा मिनिटं काटा हलला नाही तर अशा परिस्थितीत गळती नाही असं समजा. काटा उतरत असेल आणि बाहेर थेंब दिसत असेल तर काम झालं.

फार बारीक गळतीसाठी कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकतात. दोन-चार दिवस गाडी चालवायची आणि अंधारात अतिनील टॉर्च फिरवायचा. पाणी वाळून गेलं तरी मागे राहिलेला रंग पिवळट हिरवा चमकतो.

काटा उतरतोय आणि बाहेर सगळं कोरडं, मग काय? तेव्हा गाडीच्या आत बघा. डॅशबोर्डखाली हीटरचा छोटा रेडिएटर असतो. आपल्याकडे हीटर क्वचितच लावतात, पण अनेक गाड्यांत पाणी त्यातून बारा महिने फिरत असतं. पायाखालचं कार्पेट ओलं, केबिनमध्ये गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून पुसली न जाणारी तेलकट साय, या त्याच्या खुणा. कार्पेट एसीची नळी तुंबल्यानेही ओलं होतं, पण ते चिकट होत नाही.

७. आतली गळती

हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट एकाच पातळ पत्र्यावर तीन गोष्टी वेगळ्या ठेवतं: जळणारा वायू, तेल आणि पाणी. ते कुठे फुटलं यावर लक्षणं ठरतात.

पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते. पण थंडीतल्या सकाळी प्रत्येक पेट्रोल गाडी पांढरा धूर सोडते. एक लिटर पेट्रोल जळून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, तेच ते. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर चालू राहिला आणि त्याला गोड वास असला तर मात्र स्पार्क प्लग काढून पाहा. बाकीचे तपकिरी आणि एकच धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी येतंय.

पाणी तेलात गेलं तर डिपस्टिकवर दुधाळ फेस येतो. तो नुसता तेलाच्या झाकणाखाली असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर बहुधा रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमुळे जमलेली वाफ आहे. घाबरून हेड खोलू नका.

सर्वात फसवा प्रकार उलटा असतो: पाणी बाहेर जाण्याआधी वायूच पाण्यात शिरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत, गरम होण्याआधीच होजपाइप दगडासारखा कडक झाला, किंवा रात्रभर उभ्या गाडीचा पाइप सकाळीही ताठ असला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधला आहे. खात्रीची एक स्वस्त चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवून तिच्यात निळं रसायन घालतात आणि रेडिएटरमधली हवा त्यातून ओढतात. ज्वलनात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड त्यात आला की ते आम्लधर्मी होऊन पिवळं पडतं. ही चाचणी न करता कोणी हेड उतरवायला निघाला तर त्याला थांबवा. हेड उतरवणं, लेथवर फेसिंग करून घेणं आणि नवं गॅस्केट टाकणं हा मोठा खर्च आहे. काही डिझेल गाड्यांत धूर थंड करणारा छोटा कूलर असतो. तो आतून फुटला तरी कूलंट सायलेन्सरवाटे निघून जातं, आणि हेडचा काही दोष नसतो.

८. हळद, पावडर आणि बोअरचं पाणी

हायवेवरचे जुने ट्रकवाले रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकतात. बाजारात मिळणाऱ्या गळती-बंद पावडरीही त्याच तत्त्वावर चालतात: बारीक कण वाहत जाऊन भेगेत अडकतात. आडरानात अडकलात तर गावापर्यंत पोचायला हा उपाय ठीक. पण कणांना भेग आणि रेडिएटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. हीटरचा छोटा रेडिएटर आधी तुंबतो, मग मोठा. पुढच्या महिन्यात रेडिएटर खोलून साफ करायची तयारी असेल तरच हळद टाका.

वेळ पडली म्हणून बोअरचं पाणी भरणारे पुष्कळ आहेत. एखाद्या वेळी हरकत नाही. रोजची सवय झाली तर त्यातले क्षार नळ्यांना आतून चिकटतात, गंजरोधक रसायन पातळ होत जातं आणि लोखंड-ॲल्युमिनियमच्या सांध्यांवर गंज धरतो. एक छोटी गळती वरचेवर पाणी भरून चालवून घेतली की वर्षभरात तिच्या तीन गळत्या होतात, त्या अशा.

९. काटा खोटं बोलतो तेव्हा

तापमानाचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, इंजिनचं नाही. पाणी पुरतं संपलं की सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा मधोमध किंवा चक्क खाली येतो. घाटात चढता चढता काटा वर जाऊन अचानक पडला तर गाडी सुधारली असं समजू नका. बाजूला घ्या आणि बंद करा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

शोधाशोधीत काढलेलं कूलंट घमेल्यात उघडं ठेवू नका, गटारात किंवा झाडाखालीही ओतू नका. ते गोड असतं, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि इथिलीन ग्लायकॉलने त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर 'विष' लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवा आणि जुनं तेल व रसायनं रीतसर गोळा करणाऱ्या वर्कशॉपमध्ये देऊन या.